मायचं ऐकणं

निघायच्या दिवशी दादानं मोटरसायकल दारात सुरूच ठेवली होती आणि माय मला घरामागे नेत म्हणत होती, "जराखा बठ."

सुरतेची पॅसेंजर नरडाण्याला दुपारी यायची. सोनगीरच्या पुढे हायवे सोडून आत वळलं की आमचं गाव, तिथून स्टेशन काही जवळ नव्हतं. दादानं हॉर्न वाजवला. मायला घाई नव्हती. गोठ्याच्या भिंतीला लागून एक सपाट दगड होता. त्यावर ती बसली, मला शेजारी बसवलं आणि समोरच्या वावराकडे बघत राहिली. डोळे मिटले नाहीत, हात जोडले नाहीत. तळवे मांडीवर उताणे टाकलेले. मी बाजूला बसून गाडी चुकते की काय या काळजीत होतो. आणि रागातही होतो. मी गाव सोडत होतो ते तिच्या या बसण्यापायीच.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "जाय आते." रडली नाही. दारापर्यंतसुद्धा आली नाही. मी मोटरसायकलवर बसलो तेव्हा ती अजून तिथंच होती.

हे लिहितोय ते तुम्हा दोन्हीकडच्यांसाठी. जे गावीच राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्या पुढेमागे त्याच गाडीनं सुरतेजवळ उधन्याला उतरलात त्यांच्यासाठी. तुमच्यातल्या पुष्कळांनी मायला त्या दगडावर बसलेलं पाहिलंय. कुणी तिला भोळी म्हणालं, कुणी वेडसर. काय झालं ते एकदा नीट सांगून टाकावं, म्हणून बसलोय.

वडील गेल्यानंतर ती बसायला लागली. संध्याकाळी गाईची धार काढून झाली, दूध आत ठेवलं, की दिवेलागणीच्या आधी थोडा वेळ. एकादशीला देवळात ती सगळ्या बायांबरोबर जायची, आरतीला टाळ्या वाजवायची. पण दगडावर बसणं त्याहून वेगळं होतं. तिथं ना माळ, ना पोथी. त्या वेळात तिच्याशी बोलायचं नाही, हे आम्हा भावांना हळूहळू कळलं. मी शेंडेफळ, म्हणून एकदा विचारायचं धाडस केलं.

"काय करस तू आठे रोज?"

"ऐकस."

"कोणले?"

"देवले." मग माझा चेहरा पाहून तिनं समजावलं, "आपन रोज त्याले सांगतस, हाई दे, ते दे. त्यालेबी काही सांगनं व्हई ना?"

"मग माले काबर ऐकू येत नही?"

"तू कोठे चूप बठस? तो काय आरोया मारस का?"

मला ते पटलं होतं. खरंच, देव काही आरोळ्या मारणारा नसावा. काही दिवस मीही बसून पाहिलं. गाय रवंथ करायची तो आवाज, लांब हायवेवरून एखादा ट्रक जायचा तो आवाज, दादा आत रेडिओची खुंटी फिरवायचा ती खरखर. देव काही त्यात नव्हता. मी उठून खेळायला जायचो.

मग ती बांधाची गोष्ट घडली.

आमच्या वावराला लागून आबांचं वावर. आबा म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. दोघांत बांधावरून जुनं भांडण. आबा म्हणायचे, बांध सरकवलाय. वडील म्हणायचे, सिद्ध करा. बांध सरकवून घेतलेल्या म्हणे त्या पट्टीतच वडिलांनी विहीर खणली, तिला पाणी लागलं, आणि त्या पाण्यावर आमचं घर चाललं. कापूस व्हायचा, थोडा भुईमूग व्हायचा. वडील गेल्यावर आबांनीही विषय सोडून दिला होता. बाईमाणसाशी काय भांडायचं, असं त्यांनी मनात धरलं असावं.

एका संध्याकाळी माय दगडावरून उठली, पदर नीट केला आणि घरात न येता सरळ आबांच्या अंगणात गेली. मी मागोमाग गेलो. आबा खाटेवर बसून पायाला तेल लावत होते. तिनं उभ्या उभ्याच सांगितलं, "आबा, बांध आमना मानूसनी सरकाडा व्हता. माले माहीत शे. तुमना तुम्ही लई ल्या."

आबांच्या हातातली तेलाची वाटी तशीच राहिली. ते फक्त म्हणाले, "बस, वहिनी, चहा घे." ती बसली नाही.

दादानं त्या रात्री ताट भिरकावलं. "कोणी मागितलं होतं तुझ्याकडे? कोणी विचारलं होतं?" माय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, ऐकायचं नाही असं कितीदा ठरवलं तरी रोज तेच ऐकू येत होतं. "मी नही ऐकानं म्हनीसन भू करं. पन ऐकू येसच." दादा बाहेर निघून गेला.

गावात तिचं कौतुक झालं. चार दिवस. आबांनी सुरुवातीला पाणी दिलं, अगदी स्वतःहून. पुढे त्यांची मुलं मोठी झाली, त्यांनी मोटर बसवली, आणि पाणी त्यांनाच पुरेनासं झालं. त्यात त्यांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. विहीर त्यांची होती. आमच्याकडे उरलं ते आभाळाच्या भरवशाचं बाजरीचं रान. त्यात एकाचंच घर निघण्यासारखं होतं, आणि दादाचं लग्न झालेलं होतं.

म्हणून मी बारावी झाल्यावर सुरत.

तिथं उतरलो तेव्हा परकं वाटलं नाही, हे कबूल करतो. सुरतेतलं अर्धं लिंबायत आपलंच. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत बठ्ठे धुळ्याचे, शिरपूरचे, अमळनेरचे. पण लूमच्या शेडमध्ये, म्हणजे तिथल्या बोलीत खात्यात, पाय ठेवला आणि पहिल्यांदा कळलं की आवाज हा अंगावर पडणारा पदार्थ असतो. ओळीनं सांचे, म्हणजे माग, प्रत्येकात धोटा इकडून तिकडे आपटतोय. शेजारचा माणूस तोंड उघडून काही सांगत होता आणि मला त्याचे दात दिसत होते. आठवड्याभरात मी हातवाऱ्यांची भाषा शिकलो. तार तुटली, बॉबिन संपली, शेठ आला, बिडी दे. सगळं बोटांनी.

खोलीवरही निवांतपणा नव्हता. दिवसपाळीचे उठायचे त्याच अंथरुणावर रातपाळीचे झोपायचे. कुणाचा तरी स्टोव्ह कायम सुरू. मी मायसारखं बसायचं ठरवलं होतं. तिच्यावर राग होता, तरी ठरवलं होतं. रागावलेल्या माणसालाच जास्त वाटतं की आता आपल्यालाही काहीतरी सांगितलं जावं. देवानं एकाला सांगून दुसऱ्याला हाकललं, तर हाकललेल्याला निदान कारण तरी कळावं.

मग मला माझा वेळ सापडला. तो खात्यातच. त्या दिवसांत वीज जायची. एकाएकी सगळे सांचे थांबायचे, आणि कारीगर ओरडत चहाच्या टपरीकडे पळायचे. मी जायचो नाही. सूत गुंडाळलेल्या बीमला पाठ टेकून तिथंच बसायचो. इतक्या आवाजानंतरची शांतता गावातल्या शांततेसारखी नसते. ती कानावर दाब देते. एकदा असाच बसलो असताना मला असं वाटलं की कुणीतरी बोलायच्या आधी श्वास घेतलाय. एवढंच. शब्द नाही, काही नाही. माणूस तोंड उघडण्याआधी जसा थांबतो, तसं. मी हललो नाही.

तेवढ्यात वीज आली.

पुढच्या उन्हाळ्यात शेठनं जनरेटर बसवला. त्याची पूजा केली, आम्हाला पेढे वाटले.

कान कधी गेले ते सांगता येत नाही. ते एका दिवशी जात नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग दाराची कडी, मग लहान मुलांचे आवाज. लग्न झालं, सुनंदा चोपड्याकडची, तिचा आवाज मला सुरुवातीची काही वर्षं नीट ऐकू यायचा. पुढे ती ओरडून बोलायला लागली आणि शेजाऱ्यांना वाटायचं आमचं भांडण चाललंय. शेवटी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कानात नळी घालून पाहिलं, यंत्रावर बसवलं, आणि सुनंदाला सांगितलं की आतली नस मेली. मी म्हणालो, ऐकू येत नाही हे ठीक, पण आत सांचा चालू राहतो, रात्रंदिवस, तो तरी बंद करा. डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, की हा आवाज बाहेरचा नाही, हा आता बंद होणार नाही, सवय करून घ्या.

शेठला सांगितलं तर तो हसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सांचो हाथथी चाले, भाई, कानथी नहीं."

बहिऱ्या माणसाच्या घरात सर्वांत आधी गप्पा मरतात. सूचना उरतात. जेव. पाणी आलं. दार लाव. लांब वाक्य ओरडून बोलता येत नाही, माणूस दमतो. आम्ही आमच्या बोलीत लांबलांब बोलायचो ते बंद झालं. हेतल, आमची मुलगी, अशा घरात वाढली. तिचं नावसुद्धा इथलंच. शाळा गुजराती, मैत्रिणी गुजराती, टीव्ही हिंदी. घरात तिच्या कानावर आमची अहिराणी पडली ती अशी तोडून तोडून, ओरडून. मायकडे वर्षातून एकदा नेलं की दोघी एकमेकींकडे बघून हसायच्या. माय तिच्या केसांना तेल लावायची. बोलणं फारसं नाही.

मला मायला एक गोष्ट विचारायची होती. बांध दे, हे तिला ऐकू आलं, ठीक. पण मी जायला निघालो त्या दिवशी दगडावर तिला काय ऐकू आलं होतं? मला जाऊ दे, असं? की थांबव, असं, आणि तिनं ते ऐकलं नाही? दरवर्षी गावी गेलो की विचारीन म्हणायचो. पण मोठ्यानं विचारायची ती गोष्ट नव्हती. मला मात्र आता मोठ्यानंच विचारता यायचं आणि मोठ्यानंच ऐकता यायचं.

गेल्या हिवाळ्यात माय अंथरुणाला खिळली. एका दुपारी दादाचा फोन आला. सुनंदा साड्यांवर टिकल्या लावायच्या कामाला गेली होती, घरी मी आणि हेतल. हेतलनं फोन घेतला, मला खूण केली की दादी, तुमच्याशी बोलायचंय. मी कानाचं मशीन नीट केलं, फोन लावला. आतून एक बारीक हवा येतेय एवढं कळलं. त्यावर माझा तो सांचा. मी म्हणालो, "माय, ऐकू येत नही, मोठ्यानं बोल." हवा थांबली. पुन्हा आली. मोठ्यानं बोलण्याची ताकद तिच्यात नव्हती.

मी फोन हेतलकडे दिला. म्हणालो, ऐक आणि मला सांग.

हेतल फोन कानाला दाबून उभी राहिली. एक बोट दुसऱ्या कानात. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ती "हं, दादी" म्हणत होती, पुन्हा "हं" म्हणत होती. माय बराच वेळ बोलली. तिच्या हिशेबानं खूपच बोलली. मग हेतलनं फोन खाली घेतला.

"काय म्हणाली?"

ती माझ्या कानापाशी आली. "पप्पा, दादी बहु धीमे बोलतां हतां. आणि ते गावचं... मला नाही समजलं."

"एक शब्द तरी?"

"तुमचं नाव घेतलं. दोन-तीनदा." आणि ती रडायला लागली. तिला कशासाठी रागवायचं? तिला ती भाषा द्यायला घरात होतं कोण?

मी लगेच परत फोन लावायला सांगितला. दादा म्हणाला, थकून झोपलीय, उद्या बोलू. त्या झोपेतून ती उठली नाही.

आम्ही पोहोचलो तोवर तिला बाहेर आणून ठेवलं होतं. सगळं रीतीनं झालं. तेराव्यानंतर पाहुणे गेले आणि मी घरामागे गेलो. दगड केव्हाच गेला होता. दादानं गोठा पाडून तिथं सिमेंटचा ओटा केला होता, वर पत्रे. हायवे रुंद होऊन कितीतरी जवळ आला होता, पुलावरून ट्रकची रांग चालली होती. देवळावर चार दिशांना भोंगे. मला यातलं काही ऐकू येत नव्हतं. हेतलनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते, त्यावरून कळलं.

दादा येऊन माझ्याजवळ बसला. माझ्या कानाला तोंड लावून त्यानं विचारलं, त्या दिवशी फोनवर माय काय म्हणाली? मी म्हणालो, मी तेच तुला विचारणार होतो. तू जवळच होतास ना? त्यानं नकारार्थी मान हलवली. फोन लावून दिला, तिच्या कानापाशी उशीवर ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. "तुनाशी बोलनं व्हतं तिले. मी कसाले ऐकू?"

दादा आयुष्यभर तिच्यावर चिडून राहिला. आणि नेमका त्या दिवशी तो सभ्यपणे बाहेर गेला. कुणालाच दोष देता येत नाही, अशीच ही सगळी गोष्ट आहे. त्यानंच जास्त कडू वाटतं.

मग दादानं आणखी काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्यानं परत विचारलं. मी हातानं खूण केली, मोठ्यानं. एखादा ट्रक पुलावरून जात असावा, कारण दादानं आता मानेच्या शिरा ताणून विचारलं, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बाया थांबून आमच्याकडे बघायला लागल्या.

"देव! तुले कधी देव ऐकू उना का?"

त्याचा चेहरा ओरडण्यानं लाल झाला होता. पांढऱ्या मिशा, डोक्यावर नुकतेच उगवलेले खुंट. मी मान हलवली. नाही. तो कानापाशी आला आणि थांबत थांबत सांगू लागला. शेवटची काही वर्षं तोही तिच्याजवळ बसायचा. ओटा त्यानं तिच्यासाठीच बांधला होता, तिला खाली बसवत नव्हतं म्हणून. रोज संध्याकाळी तिच्या बाजूला बसायचा. विहीर गेली, भाऊ गेला, मग निदान आपल्याही कानावर काही पडावं, एवढी त्याची अपेक्षा होती. "मालेबी नही," तो म्हणाला. "कधीच नही."

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवता आला असता. मी ठेवला नाही. दोन भाऊ, एकाच गोष्टीसाठी वेगवेगळ्या ठिकाणी बसत राहिले आणि दोघांनाही काही मिळालं नाही, यात एकमेकांना धीर देण्यासारखं काय होतं?

तुम्ही म्हणाल, तरी मायला ऐकू यायचंच ना. यायचं. मी ते कधी नाकारलं नाही. ती खोटं बोलणारी बाई नव्हती. पण देवानं तिच्याशी बोलावं आणि त्याचं मोल आम्ही भरावं, हा न्याय मला अजून समजलेला नाही. तो समजावून सांगायला त्याला कुणी अडवलं होतं?

मी अजूनही बसतो. खात्याचं काम सुटलं, आता एका मार्केटमध्ये पहारा करतो. संध्याकाळी घरी आलो की गच्चीवर जातो, कानातलं मशीन काढून खिशात ठेवतो. बाहेरचं सगळं जातं आणि आतला सांचा एकटा राहतो. श्रद्धेनं बसतो असं म्हणवत नाही. वकील नसलेला माणूस कोर्टाच्या पायरीवर बसतो, तसा बसतो. हेतल म्हणते, तिच्या मोबाईलमध्ये ध्यानाचं काहीतरी आहे, त्यात मधूनमधून घंटा वाजते. मी म्हणालो, मला कशी ऐकू येणार?

यंदा मायची पहिली आखाजी, पंचांगात अक्षय्य तृतीया म्हणतात ती. आपल्याकडे त्या दिवशी गेलेल्यांच्या नावानं घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, निखाऱ्यावर घास टाकतात आणि मग घरची माणसं जेवतात. घागर थोरल्याच्या घरी भरायची, ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. दादानं बोलावलं होतं. मी रजा मिळत नाही असं कळवलं. रजा मिळाली असती. त्या ओट्यावर दादाशेजारी पुन्हा बसायचं माझ्यानं झालं नसतं. सुनंदानं बाजारातून मातीची घागर आणली आणि आम्ही ती इथंच भरली.

दुपारी दादाचा फोन आला. हेतल बोलली. थोडं ऐकून तिनं फोन छातीशी धरला आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मोठे पप्पा विचारतात, तिकडेपण घागर भरली, इकडेपण भरली. मग दादी कुठे येणार?"

आमच्या खोलीखाली खातं आहे. सणाच्या दिवशीही सांचे सुरू होते, हे मला फरशीच्या थरथरीवरून कळत होतं. घागरीतलं पाणी सारखं हलत होतं. माय लिंबायतला कधी आलीच नव्हती. ही गल्ली, हा जिना तिला कुठून सापडणार? आणि गावातल्या त्या ट्रकच्या, भोंग्यांच्या गोंगाटात तिनं येऊन बसायचं कुठं?

घर कुठलं, असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी गावाचं नाव सांगत आलो. आता वाटतं, आपली गेलेली माणसं रस्ता न विचारता जिथं येतील, ते घर. तशी जागा दादाकडे आहे का, मला माहीत नाही. माझ्याकडे नाही.

"सांग त्यांना," मी हेतलला म्हणालो, "मलाही ठाऊक नाही."

तिनं ते सांगितलं, तिच्या भाषेत. दादाला कळलं की नाही कोण जाणे. तो काही बोललाही असेल. हेतल बराच वेळ फोन कानाला लावून उभी होती, आणि मग तिनं तो ठेवून दिला.